मदत घेणाऱ्याचे नाव झाकलेले असावे, मदतीचा हिशेब उघडा असावा

वसईतील अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या कॅथलिक समुदायांत, गरजूंना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेची शाखा आहे, आणि तरीही दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, येणाऱ्या कितीतरी जणांना ही शाखा नेमके काय करते हे ठाऊक नसते. ज्या कुटुंबांना मदत मिळते त्यांची नावे बाहेर येत नाहीत, हे फार चांगले आहे. परंतु एक धर्मग्राम म्हणून आपण गरजू शेजाऱ्यासाठी वर्षभरात किती पैसा आणि किती वेळ देतो, हेही आपल्याला माहीत नसावे, हे मला पटत नाही.

ही संस्था विद्यार्थ्यांनी सुरू केली. पॅरिसमधील गरीब वस्त्या १८३२ च्या पटकीच्या साथीने होरपळून निघाल्या होत्या, आणि ख्रिस्तसभेने (चर्चने) पूर्वी काय केले ते सांगू नका, आज गरिबांसाठी काय करता ते दाखवा, अशा आशयाचे आव्हान वादसभेत कॅथलिक तरुणांना मिळत होते. १८३३ मध्ये वीस वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचे मित्र त्या आव्हानाचे उत्तर म्हणून एकत्र आले, आणि गरिबांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या सिस्टर रोझाली यांच्या मार्गदर्शनाने घरोघरी जाऊ लागले. आज संस्था सुमारे १५० देशांत असली तरी तिची रीत तीच आहे. दोघांनी मिळून घरी जायचे, बसायचे, ऐकायचे, बैठकीत त्या घरासाठी काय करता येईल ते ठरवायचे, आणि बैठकीच्या शेवटी फिरणाऱ्या पिशवीत प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, शेजारच्याला रक्कम दिसणार नाही अशा प्रकारे, पैसे टाकायचे.

घरी जाण्याचा हा आग्रह मला संस्थेचा प्राण वाटतो. देवळाच्या आवारात टेबल मांडून तांदूळ, डाळ आणि तेलाची पाकिटे वाटली की काम एका सकाळी उरकते, पण ज्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे, त्या घराची अडचण पाकिटात मावत नाही. घरी गेल्यावर कळते की औषधे अर्धी अर्धी करून घेतली जात आहेत, मुलीचे शुल्क दोन सत्रांपासून थकले आहे, आणि घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितले आहे. यांतील प्रत्येक गोष्टीला वेगळा उपाय लागतो, आणि काही उपायांना तर पैसा लागतच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी कुठे करायची, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज कसा भरायचा, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, ही माहिती ज्यांना सर्वांत जास्त हवी त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नाही. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन एखाद्या विधवेसोबत तहसील कार्यालयात दिवसभर थांबणारा कार्यकर्ता तिला जे देतो, ते हजार रुपयांच्या पाकिटाने होत नाही. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका आणि सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढलेली माणसे आहेत. त्यांच्याकडे देणगीपेक्षा हा वेळ मागितला पाहिजे.

नाताळच्या सुमारास मदत स्वीकारणाऱ्यांची छायाचित्रे फिरू लागतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. त्या माणसाची मुले आपल्याच मुलांबरोबर शाळेत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात. देणगीदाराचा विश्वास बसावा म्हणून छायाचित्र लागते, असे सांगितले जाते. पण विश्वासासाठी हिशेब असतो, त्यासाठी कोणाचा चेहरा वापरण्याची गरज नसते.

मदत आपल्याच माणसांपुरती असावी का, हा प्रश्न वसईत आता टाळता येणार नाही. बागायतींच्या जागी इमारती आणि चाळी उभ्या राहिल्या, आणि त्यांत उत्तर भारतातून, कोकणातून, मराठवाड्यातून आलेली, वेगवेगळ्या धर्मांची कुटुंबे राहतात. जुलै २०१८ च्या पुरात आणि २०२० च्या टाळेबंदीत कोण शेजारी आहे हे कोणी विचारत बसले नव्हते. एरवी मात्र आपली यादी पुन्हा आपल्या आडनावांपाशी येऊन थांबते. जेरुसलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समुदायातही ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात असल्याची तक्रार झाली होती, आणि प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प न बसवता त्या कामासाठी सात विश्वासू माणसे नेमायला लावली. आपणही चाळींतल्या लोकांची भाषा जाणणारी माणसे या कामात घेतली पाहिजेत. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अपेक्षा, न बोलता ठेवलेलीसुद्धा, असता कामा नये. तशी अपेक्षा संस्थेच्या रीतीत बसत नाही, आणि आज आपल्या प्रत्येक कामाकडे संशयाने पाहिले जात असताना हे आपण स्वतःहून स्पष्ट सांगितलेले बरे.

हिशेबाविषयी संत पौलाने घेतलेली काळजी मला नेहमी आठवते. जेरुसलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला निधी त्याने एकट्याने नेला नाही; कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली. आपल्या विश्वस्त संस्थांचे लेखापरीक्षण कायद्याप्रमाणे होतेच, पण त्या ताळेबंदातून सामान्य भाविकाला काही उमगत नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की, धर्मग्रामाच्या वार्षिक उत्पन्नाचा दहावा भाग सणाचा मंडप, रोषणाई आणि बांधकाम यांच्या आधी गरजूंसाठी वेगळा काढावा, आणि दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर एक साधा तक्ता लावावा. औषधोपचारावर किती, शिक्षणावर किती, भाड्यावर किती, धर्मग्रामाबाहेरील कुटुंबांवर किती, एवढेच त्यात असावे आणि एकही नाव नसावे. लहान वस्तीत आकड्यांवरूनही घर ओळखता येते, म्हणून जिथे दोन-तीनच कुटुंबे असतील तिथे रकाने एकत्र करावेत.

ईस्टरआधीच्या येत्या उपवासकाळापूर्वी हा ठराव मी आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे लेखी मांडणार आहे. तुमच्याकडे असा तक्ता आधीपासून लावला जात असेल, तर त्याचा नमुना कृपया मला पाठवा.