एनफिल्डची गोळी नळीपेक्षा मोठी नव्हती

10 मे जवळ आला की 1857 च्या काडतुसांवरचा तो लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. सारांश असा: एनफिल्ड रायफलची गोळी नळीच्या भोकापेक्षा किंचित मोठी असे, ती आत सरकावी म्हणून गाई-डुकराची चरबी लावत. गोळी टणक शिशाची, बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास) मोठं, म्हणून मारा लांबचा. मेरठच्या 85 स्वारांनी हीच काडतुसं नाकारली. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी चरबी बंद केली आणि तीच रायफल शिपायांच्या हाती दिली.

चरबीचा संताप खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण बंदुकीबद्दल या मेसेजमध्ये जे लिहिलंय ते जवळपास सगळं उलटं आहे.

पहिला दावा, गोळी नळीपेक्षा मोठी. 1853 च्या नमुन्याच्या एनफिल्डचं बोअर 0.577 इंच आणि तिच्यासाठी ओतलेल्या प्रिचेट गोळीचा व्यास 0.568 इंच. म्हणजे गोळी 0.009 इंचाने, मिलिमीटरमध्ये सांगायचं तर जेमतेम पाव मिलिमीटरने, लहान. ही फट मुद्दाम ठेवलेली होती. ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून घालून गजाने तळापर्यंत न्यावी लागते. नळी गुळगुळीत असेल तर सैल गोळी चालते, पण आटे, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या नळीच्या आतल्या वळणदार खाचा, असले की पंचाईत होते: गोळी सैल राहिली तर आट्यांना धरत नाही आणि घट्ट असली तर खाली जात नाही. नेपोलियनच्या काळातल्या बेकर रायफलबरोबर सुरुवातीला चक्क एक लाकडी हातोडी देत, गोळी ठोकून आत घालायला. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा ही आधीच्या पिढीची रायफल आहे.

ही पंचाईत फ्रेंच सैन्यातल्या मिनिए या अधिकाऱ्याने 1849 च्या सुमारास सोडवली. गोळी लांबट, बुडाला पोकळ, पोकळीत लोखंडाची छोटी वाटी. गोळी सैल असल्याने गजाच्या एका दाबाने खाली जाते. बार उडाला की वाटी आत घुसते, गोळीचं बूड फुगतं आणि आट्यांत जाऊन बसतं. लंडनचा बंदूककार प्रिचेट याने ती वाटी काढून टाकली, पुढे तिच्या जागी लाकडी खुंटी आली. जाताना लहान आणि येताना मोठी, ही या गोळीची सगळी करामत. मुळातच मोठी गोळी घालायची असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

आता ही पाव मिलिमीटरची फट पुरेशी होती का? नव्हती, आणि याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 22 मे 1858, काल्पीजवळचं गोलावली. समोर रावसाहेब पेशवे, राणी लक्ष्मीबाई आणि बांद्याचा नवाब, इकडे सर ह्यू रोजची फौज. ऊन असं की इंग्रजांची माणसं उन्हाच्या झटक्याने कोसळत होती. सतत गोळीबार करून एनफिल्डच्या नळ्या काजळीने भरल्या, गोळ्या खाली जाईनात आणि उजव्या फळीचा मारा मंदावला. बंडवाल्यांनी नेमकी तीच फळी दाबली. रोजने उंटांवरची तुकडी ऐनवेळी आणली म्हणून इंग्रज बचावले. हिंदुस्थानातून आलेल्या अशा तक्रारींनंतर 1859 मध्ये गोळीचा व्यास 0.568 वरून 0.55 इंचावर आणला गेला. फट 0.009 वरून 0.027 इंच, म्हणजे तिप्पट. अनुभवाने गोळी आणखी लहान करावी लागली.

दुसरा दावा टणक शिशाचा. गोळी फुगायची असेल तर शिसं मऊच हवं, जमेल तितकं शुद्ध. त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळलं की ओतीव गोळी देखणी निघते, पण तिचं बूड दाबाला दाद देत नाही. गोळी आटे न पकडताच बाहेर पडते आणि हवेत कोलांट्या खाते. परदेशात आजही हौसेने ठासणीच्या रायफली चालवणारे लोक गाड्यांच्या चाकांची जुनी वजनं वितळवायला कचरतात ते याच कारणाने, त्यात अँटिमनी असतं. टणक गोळी चालते ती जिथे गोळीला फुगायचंच नसतं तिथे. ते उदाहरण पुढे येतंच आहे.

तिसरा दावा चरबीचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण यात अर्धं खरं आहे. एनफिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका टोकाला साधारण साडेचार ग्रॅम दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, तिचं तोंड दारूच्या बाजूला. शिपाई दारूकडचं पिळलेलं टोक दाताने तोडायचा, दारू नळीत ओतायचा, मग काडतूस उलटं करून गोळीकडचं टोक कागदासकट नळीच्या तोंडात बसवायचा, वर उरलेला कागद फाडून फेकायचा आणि गज मारायचा. चरबी आणि मेणाचं वंगण लावलेलं असे ते याच गोळीकडच्या टोकाला. वंगण लावलेला कागद ती पाव मिलिमीटरची फट भरून काढायचा, गोळी नळीच्या मधोमध धरायचा आणि मागच्या बाराची काजळी मऊ करत खाली जायचा. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात मागे उरतं, त्यामुळे वंगण नसेल तर थोड्याच बारांत नळी चोंदते.

म्हणजे दातात येणारं टोक वेगळं आणि चरबीचं टोक वेगळं. काही इंग्रज लेखक इथेच थांबतात आणि शिपायांना अडाणी ठरवतात, तेही मला पटत नाही. काडतुसं एकावर एक बांधलेली, बंगालचा उन्हाळा, चरबी वितळून कागदात झिरपणार हे उघड आहे. आणि तोंडाला नाही लागली तरी बोटांना तर लागणारच होती. वंगण या हवेत टिकतं का हे पाहायला 1853 मध्ये नमुन्याची काडतुसं इथे पाठवली होती. तेव्हाच कर्नल टकर या अधिकाऱ्याने चरबीवरून गडबड होईल असा इशारा दिला होता. तो कागदपत्रांत पडून राहिला. चरबी कोणत्या जनावराची, यावर धड नजर ठेवलेली नव्हती. 1857 च्या जानेवारीत शिपायांनी स्वतःच मेण आणि तेल लावावं अशी मुभा दिली, मार्चमध्ये दातांऐवजी हाताने तोडायची कवायत आली. तोवर विश्वास उडाला होता. पुढे 1859 मध्ये बारीक गोळीबरोबर निव्वळ मधमाशांचं मेण वापरायला लागले. मग हे आधीच का नाही केलं, हा प्रश्न तेव्हाच्या शिपायालाही पडला असता.

चौथा दावा: मोठं बोअर म्हणून लांबचा मारा. याचं उत्तर 1857 मध्येच इंग्लंडमध्ये मिळालं होतं. जोसेफ व्हिटवर्थने षटकोनी नळीची रायफल बनवली, बोअर फक्त 0.451 इंच. गोळीचं वजन मात्र एनफिल्डच्या गोळीइतकंच, 530 ग्रेन, म्हणजे सुमारे 34 ग्रॅम. तेवढंच शिसं बारीक नळीत बसवायचं तर गोळी लांब होते, लांब गोळीला हवा कमी अडवते, पण ती स्थिर राहायला जोरात फिरवावी लागते. एनफिल्डच्या आट्यांचा एक फेरा 78 इंचांत पुरा व्हायचा आणि नळी 39 इंचांची. गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा घ्यायची. व्हिटवर्थचा फेरा 20 इंचांत पुरा होई. 1857 च्या चाचणीत 500 यार्डांवर व्हिटवर्थच्या गोळ्या सरासरी साडेचार इंच इकडेतिकडे गेल्या, एनफिल्डच्या सत्तावीस इंच. व्हिटवर्थची गोळी मुळातच षटकोनी ओतलेली, फुगायची गरज नाही, म्हणून तिथे टणक शिसं चालून जायचं. तरी सैन्याने ती घेतली नाही, कारण महाग होती आणि बारीक नळी लवकर चोंदायची. 1860 मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने पहिला बार उडवला तो मात्र व्हिटवर्थचाच, आणि तोही आधीच नेम धरून तिवईवर बांधून ठेवलेल्या रायफलचा.

एनफिल्डचं बोअर त्या काळच्या मानाने मोठं नव्हतंच. तिच्या आधीच्या मिनिए रायफलचं 0.702 इंच होतं. ते कमी केलं कारण शिपायाला तेवढ्याच ओझ्यात जास्त बार नेता यावेत.

पाचवा दावा मेरठचा, आणि हा लवकर आटपतो. 24 एप्रिल 1857 ला तिसऱ्या घोडदळातल्या 90 पैकी 85 जणांनी नाकारली ती त्यांच्या नेहमीच्या कार्बाइनची (घोडदळाच्या आखूड बंदुकीची) जुन्याच पद्धतीची काडतुसं, एनफिल्डची नव्हेत. त्याआधी फेब्रुवारीत बहरामपूरच्या 19 व्या पलटणीने नाकारलेलीही गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीचीच होती; कागदाचा रंग वेगळा दिसला आणि संशय पक्का झाला. एनफिल्ड तोवर बहुतेक पलटणींच्या हातातही आली नव्हती, दमदम, अंबाला आणि सियालकोटच्या नेमबाजी शिकवणाऱ्या लष्करी शाळांत तिची कवायत नुकती सुरू झाली होती. संशय जुन्या काडतुसांपर्यंत पोचला होता यावरून असंतोष किती खोल गेला होता ते कळतं, आणि मेसेज नेमकी हीच गोष्ट पुसून टाकतो.

शेवटचा दावा, उठावानंतर तीच रायफल शिपायांना दिली. दिसायला तीच. लाकूड तसंच, घोडा तसाच, लांबून पाहिलं तर एनफिल्डच. पण एतद्देशीय पलटणींसाठी 1858 नंतर जो नमुना बनवला त्याची नळी आतून 0.656 इंचांपर्यंत मोठी केलेली आणि आटेच नसलेली, गोल गोळीची. थोड्या रायफल पलटणी वगळल्या तर हिंदी शिपायाला वर्षानुवर्षं हीच मिळाली. गोरा सैनिक शेकडो यार्डांवरून नेम धरणार, शिपायाचा नेम शंभर यार्डांपुढे भरवशाचा नाही. लांबचं अंतर लावायची मागच्या साइटची शिडी या बंदुकीवर नव्हती. तिच्या जागी एक साधी ठरावीक खाच ठेवली होती.