खुलासा : दुबईच्या व्हिसावर बहरीनची सुट्टी शक्य नाही

‘दुबईला उतरा आणि त्याच व्हिसावर समुद्रपुलावरून गाडीने बहरीनच्या आलिशान बीच रिसॉर्टवर पोहोचा’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. बहरीनला शेजारी देशाशी जोडणारा एकमेव पूल म्हणजे १९८६ साली खुला झालेला, सुमारे २५ किलोमीटर लांबीचा किंग फहद कॉजवे. तो सौदी अरेबियातून येतो आणि त्याच्या मध्यावरील कृत्रिम बेटावर पासपोर्ट तपासले जातात. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या पर्यटकाला या मार्गासाठी सौदीचा आणि बहरीनचा व्हिसा वेगवेगळा काढावा लागतो. बहरीनच्याच हवार बेटांपर्यंत तर पूलही नाही, तेथे बोटीनेच जावे लागते. मुंबईहून बहरीनला थेट विमान असताना, रिसॉर्टचे पैसे आगाऊ भरून मुलाबाळांसह सीमेवर अडकण्याची वेळ कोणावरही येऊ नये. बहरीनच्या सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावरील अटी वाचूनच आरक्षण करावे आणि हा संदेश कृपया पुढे पाठवू नये.