गॅडोलिनियम विष, लोह नैसर्गिक? त्या मेसेजबद्दल

सांगली-मिरजेतल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की गाठीच्या एमआरआयला जे गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात ते विष आहे, युरोपात त्यावर बंदी आहे, मेंदूत साठतं, म्हणून पेशंटने लोहाचं इंजेक्शन मागून घ्यावं, ते नैसर्गिक आणि गाठीच्या रक्तवाहिन्या त्यातच चांगल्या दिसतात. मी मिरजेत एमआरआय टेक्निशियन आहे, आणि हे वाचून पेशंट टेबलवर झोपल्यावर इंजेक्शन नको म्हणायला लागलेत, म्हणून लिहितोय.

बंदीचं अर्धंच सांगितलंय. गॅडोलिनियम हा धातू आहे, इंजेक्शनात तो एका रेणूने धरून ठेवलेला असतो. हा रेणू उघडा असला तर धातू सुटायची शक्यता जास्त, पिंजऱ्यासारखा बंद असला तर खूप कमी. 2017 ला युरोपने उघड्या प्रकारातली बरीचशी थांबवली, लिव्हरसाठीची दोन ठेवली. गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट ही बंद प्रकारातली तिथे चालूच आहेत.

साठतं का? हो, अगदी थोडं साठतं, मेंदूतही, आणि हे लपवायचं काही कारण नाही. पण किडनी चांगली असलेल्यांना त्याने थेट अपाय झाल्याचं अमेरिकेच्या एफडीएला (औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) 2017 च्या तपासणीत आढळलं नाही. किडनी फारच खराब असेल, डायलिसिस चालू असेल तर मात्र खरंच जपावं लागतं.

आता रक्तवाहिन्या, आणि इथे मेसेज पूर्ण घसरलाय. ट्यूमर घाईघाईत नवीन रक्तवाहिन्या काढतो, त्यांच्या भिंती कच्च्या असतात. आम्ही कोपराच्या शिरेत गुलाबी कॅन्युला (बारीक नळीची सुई) लावतो, इंजेक्टरने सेकंदाला 2-3 एमएलने औषध सोडतो, मागून सलाईन, आणि त्याच जागेचे फोटो परत परत काढतो. गॅडोलिनियमचा रेणू बारीक, तो त्या भिंतीतून बाहेर झिरपतो, मग गाठ किती झटकन उजळली आणि किती वेगात उतरली याचा ग्राफ निघतो, ब्रेस्टच्या गाठीत डॉक्टर तो बारकाईने बघतात. लोहवालं म्हणजे फेरुमॉक्सिटॉल, त्याचा कण मोठा, तो सुरुवातीला रक्तवाहिनीतच राहतो, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच 14-15 तास लागतात. त्यामुळे गाठीत रक्त किती भरलंय ते मस्त कळतं, मेंदूच्या गाठीत उपयोग होतो, पण झिरपणं तेव्हाच्या तेव्हा दिसत नाही. म्हणजे दोघांची कामंच वेगळी.

आणि नैसर्गिक? फेरुमॉक्सिटॉल 2009 ला अमेरिकेत किडनीच्या पेशंटच्या अ‍ॅनिमियासाठी आलं, आणि 2015 ला जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीबद्दल एफडीएने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. रक्त कमी असलं की आपल्याकडे सलाईनमधून देतात ते आयर्न सुक्रोज म्हणजे हे नव्हे, ते मागून एमआरआयला काही उपयोग नाही.

बुकिंग करतानाच क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) रिपोर्ट दाखवा, आधी कधी रिअ‍ॅक्शन आली असेल, गरोदरपण असेल तर सांगा. आणि बाटलीवर नाव कुठलं आहे ते बिनधास्त विचारा, आम्ही दाखवतो.