कोरडे डोळे आणि पाण्याचे हबके: एका फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डोळे कोरडे पडणं हा आजारच नाही, सगळी मोबाईलची करणी आहे. डोळ्यांतून पाणी येत असेल तर कोरडेपणाचा प्रश्नच येत नाही. डॉक्टरांचे थेंब एकदा सुरू केले की डोळे स्वतःचे अश्रू बनवणं सोडून देतात. त्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा उघड्या डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारा, रात्री मधाचा थेंब घाला, भरपूर पाणी प्या, ओमेगा-३च्या गोळ्या घ्या, निळा प्रकाश अडवणारा चष्मा लावा. पंधरा दिवसांत डोळे कायमचे ठणठणीत. शेवटी 'सर्व ग्रुपवर पाठवा' आहेच.

यातलं काही अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणून तर ते इतकं पटतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पाण्याचा मुद्दा. डोळे सारखे गळतात, मग कोरडे कसे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यापायी लोक महिनोन् महिने उपचाराशिवाय काढतात. डोळ्यावर कायम पसरलेला अश्रूंचा थर निराळा आणि डोळा चुरचुरला की धो धो येणारं पाणी निराळं. वारा लागला, एसीचा झोत थेट तोंडावर आला की कोरडा पडलेला पृष्ठभाग मज्जातंतूंमार्फत ओरड करतो, अश्रुग्रंथी घाईघाईने पाणी सोडते आणि ते गालावर ओघळतं. त्याने डोळ्यावरचा थर काही दुरुस्त होत नाही. मिनिटाभरात पुन्हा खुपायला लागतं.

कारण तो थर नुसत्या पाण्याचा नसतोच. मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या जाडीत तीन गोष्टी असतात: कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, चिकटून राहणारा श्लेष्मा, पाणी आणि सगळ्यात वर तेल. हे तेल पापण्यांच्या कडेला उघडणाऱ्या बारीक ग्रंथींमधून येतं. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. तेल नीट असेल तर खालचं पाणी टिकतं, नसेल तर उडून जातं. बहुतेक रुग्णांमध्ये निदान काही प्रमाणात तरी बिघाड या तेलाचा असतो. अश्रू खरोखर कमी बनतात असे रुग्णही आहेत, पण त्यांची संख्या कमी.

हे अंदाजाने सांगायचं नसतं, बघता येतं. डॉक्टर डोळ्याला फ्लुरोसिनचा पिवळा रंग लावतात, निळा उजेड टाकतात आणि पापणी मिटू नका म्हणतात. डोळ्यावर हिरवट चकाकता थर दिसतो आणि बघता बघता त्यात काळे ठिपके पडतात. तिथे थर फाटलेला असतो. १० सेकंदांच्या आत फाटला तर तो कमकुवत समजतात. मग पापणीची कड हलकेच दाबतात. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येतं. तुंबलेल्या ग्रंथीतून टूथपेस्टसारखी पांढरट वळी बाहेर येते, नाहीतर काहीच येत नाही. पाण्याचा हिशोब वेगळा: खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. ५ मिलिमीटरच्या आत राहिली तर अश्रू खरंच कमी आहेत.

आता हबक्यांचं बघा. नळाचं पाणी अश्रूंइतकं खारट नसतं, ते डोळ्याला झोंबतं आणि जो थर आधीच धड नाही तो धुऊन नेतं. शिवाय त्यात अकांथामीबासारखे जंतू असू शकतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याने तर हा प्रयोग अजिबात करू नये. तुंबलेल्या ग्रंथींना हवं असतं नेमकं उलट. डोळे मिटून, पापण्यांवर सोसवेल असा कोमट शेक, पाच-दहा मिनिटं, रोज. त्यानंतर बोटाने पापण्यांच्या केसांच्या दिशेने हलका मसाज आणि पापणीची कड पुसून घेणं. कंटाळवाणं काम आहे, त्यामुळे त्याचा मेसेज व्हायरल होणार नाही!

मधाबद्दल फार लिहीत नाही. बरणीतला मध निर्जंतुक नसतो, डोळ्यात घालू नका.

थेंबांची सवय लागते, या भीतीचं मूळ मात्र नीट बघायला हवं, कारण ती हवेतून आलेली नाही. डोळ्यांची लाली घालवणारे काही थेंब रक्तवाहिन्या आकसवतात. औषध उतरलं की लाली परत येते, कधी आधीपेक्षा जास्त, आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. स्टेरॉइडचे थेंब देखरेखीशिवाय चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो. कृत्रिम अश्रू ही निराळी चीज. त्यात कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेटसारखं वंगण असतं. अश्रुग्रंथीला ते सुट्टी देत नाही. थेंब बंद केल्यावर त्रास परततो, कारण मूळ बिघाड तिथेच असतो. यात खरी खोट आहे ती बाटली टिकवण्यासाठी घातलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडची. वारंवार वापरलं तर ते स्वतःच डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देतं. दिवसातून चारापेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागून घ्या.

मोबाईलला दोष देणं अर्धं बरोबर आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो; स्क्रीनवर ते प्रमाण निम्म्याहून खाली येऊ शकतं आणि पापणी पुरती मिटतही नाही. पण रजोनिवृत्ती, वाढतं वय, सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधं, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, चष्म्याचा नंबर घालवणारी लेसिक शस्त्रक्रिया, संधिवात यांचं काय? तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर श्योग्रेन्स सिंड्रोम तपासावा लागतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. असा रुग्ण मोबाईल कपाटात ठेवून बरा होणार नाही.

उरलेलं भराभर. तहानेपुरतं पाणी प्यावं. जास्तीचं पाणी डोळ्यांत उतरत नाही. ओमेगा-३ची २०१८ साली मोठी चाचणी झाली: वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम विरुद्ध ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. निळ्या प्रकाशाच्या चष्म्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) दिसलं नाही.

आणि ते पंधरा दिवस. सूज असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांचा पुरता गुण यायला तीन ते सहा महिने लागू शकतात आणि सुरुवातीला ते झोंबतात, म्हणून कितीतरी जण दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात. अश्रू वाहून नेणाऱ्या बारीक छिद्रांत बुचं बसवणं हाही एक उपाय आहे. बहुतेकांच्या बाबतीत कोरडेपणा आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. मात्र डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल किंवा नजर एकाएकी धूसर झाली असेल, तर तो निव्वळ कोरडेपणा समजून थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.