फुटाला एक सूत

आमच्या बाथरूमच्या दुरुस्तीला सुरुवात झाली ती आमच्या घरात नव्हे, तर खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छतावर. मे महिन्यात त्यांनी मला चहाला बोलावले. छतावर उमटलेल्या ओल्या डागाबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. फक्त माझी खुर्ची अशा बेताने मांडली होती की तिच्यात टेकून बसणाऱ्याची नजर आपोआप वर जावी. चहा संपायच्या आत मी दुरुस्तीचे वचन देऊन बसलो होतो.

पुण्यातली आमची इमारत 1994 सालची आणि बाथरूम सात फूट बाय चार फूट. एवढ्याशा जागेतली गळती म्हणजे एखादी नळी बदलायची, चार फरशा पुन्हा बसवायच्या आणि दोन दिवसांत मोकळे व्हायचे, असा माझा हिशोब होता. प्लंबर आला, बाथरूमच्या उंबऱ्यावर थांबला आणि आत पाऊल न टाकता म्हणाला, "हे काम कोणी केलं होतं?"

पुढच्या सात आठवड्यांत हा प्रश्न मी प्रत्येक कारागिराच्या तोंडून ऐकला. जुन्या नाटकात नांदीशिवाय पडदा वर जात नसे, तसा या प्रश्नाशिवाय कारागिराचा हात हत्याराकडे जात नाही. मी "बिल्डरने" असे उत्तर दिले आणि त्यावर तो "तरीच" एवढेच म्हणाला. मग त्याने भिंत थोडी फोडून जुन्या लोखंडी नळीचा तुकडा कापून दाखवला. आत गंज इतका साचला होता की अर्ध्या इंचाच्या नळीतून जेमतेम काडेपेटीतली काडी गेली असती. आमच्या घरातले पाणी इतकी वर्षे केवळ भिडेखातर येत असावे. नळ्या सगळ्याच बदलायला हव्यात हा त्याचा सल्ला रास्त होता आणि मी तो मान्य केला. या साऱ्या प्रकरणातला हा शेवटचा रास्त सल्ला ठरला.

कारण त्यानंतर त्याने पुढचे वाक्य उच्चारले : "आता फोडतोच आहोत, तर..."

'तर' हे संकेतबोधक उभयान्वयी अव्यय आहे, असे आम्हांला शाळेत शिकवले होते. ते कशाचा संकेत देते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. फोडतोच आहोत, तर फरशी पण काढू. फरशी काढतोच आहोत, तर खालचा कोबा पण उचलू. कोबा उचलतोच आहोत, तर वॉटरप्रूफिंग नव्याने करू. वॉटरप्रूफिंग करतोच आहोत, तर जुना कमोड परत कशाला बसवायचा? तिसऱ्या दिवशी आमच्या बाथरूमचा राडारोडा गोण्यांत भरून जिन्यात रचला गेला आणि आम्ही टॉवेल-साबण घेऊन वरच्या मजल्यावर आंघोळीला जाऊ लागलो.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे, तर कारागिरांच्या सर्वनामांबद्दलही सांगायला हवे. सल्ला देताना ते नेहमी 'आपण' वापरतात. आपण इथे चर मारू, आपण हा नळ तिकडे घेऊ. त्या 'आपण'मध्ये इतकी आपुलकी असते की गृहस्थाला घरात एक भाऊ वाढल्यासारखे वाटते. पुढे काही चुकले की त्याच जिभेवर 'तुम्ही' येते : "तुम्हीच म्हणाला होतात ना?" आणि मी तसे खरोखरच म्हणालेलो असतो, कारण फुटलेल्या भिंतीसमोर, हातात छिन्नी-हातोडा घेतलेल्या माणसाने "तुम्ही म्हणाल तसं करू" असे विचारल्यावर मी त्याचाच सल्ला त्याला परत ऐकवलेला असतो.

इलेक्ट्रिशियनचे प्रकरण लवकर आटोपले. गिझर दोन हजार वॉटचा, वीज 230 व्होल्टची, म्हणजे प्रवाह नऊ अँपिअरच्याही आत. तेव्हा अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरेशी आहे, असे मी त्याला कागदावर मांडून दाखवले. त्याने तो कागद आदराने पाहिला, "पुस्तकात बरोबर आहे साहेब" असे म्हणाला आणि चार चौरस मिलिमीटरची वायर ओढली.

खरी कसोटी लागली ती फरशीने. दुकानदाराने दोन फूट बाय चार फूट अशी संगमरवरी नक्षीची टाइल दाखवून "मोठी टाइल म्हणजे सांधे कमी, आणि सांधे कमी म्हणजे गळती कमी" असा सिद्धांत मांडला. गळतीने पोळलेल्या माणसाला याहून गोड काही ऐकवता येत नाही. टाइल तिसऱ्या मजल्यावर चढली, फरशीवाल्याने खोका उघडला आणि तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने मला ढाळाचे शास्त्र समजावले. बाथरूमला फुटाला एक सूत ढाळ हवा. इंचाचे सूत आठ. म्हणजे दारापासून सात फुटांवरच्या नहाणीपर्यंत (पाणी वाहून जाण्याच्या तोंडापर्यंत) फरशी सात सूत, जवळजवळ इंचभर, उतरायला हवी. पण आमची नहाणी कोपऱ्यात होती, त्यामुळे ढाळ लांबीतही हवा आणि रुंदीतही. लहान टाइल असती, तर सांध्यासांध्यांवर थोडी थोडी कलवता आली असती. चार फुटांची टाइल दोन दिशांना वाकत नाही. ती तिरकी कापावी लागेल.

"संगमरवराची नक्षी तिरकी कापायची?" बायकोने विचारले. तिच्या आवाजात असे काही होते की फरशीवाल्याने कटर खाली ठेवला आणि "तुम्ही म्हणाल तसं करू" असे म्हणाला. आम्ही न कापायचे ठरवले.

त्याआधी नव्या वॉटरप्रूफिंगवर, नहाणीचे तोंड बांधून, 48 तास पाणी साठवून ठेवण्याची चाचणी झाली होती. काकांच्या छतावर एक थेंबही उतरला नव्हता. पाण्याला मात्र त्या चाचणीत इथे राहण्याची सवय लागली असावी. फरशी बसल्यावर पहिल्याच आंघोळीनंतर ते नहाणीच्या समोरच्या कोपऱ्यात जमले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबले.

मी चौकशी केली. दुकानदार म्हणाला, ढाळ काढणे हे प्लंबरचे काम. प्लंबर म्हणाला, मी फक्त नहाणी बसवतो, ढाळ फरशीवाल्याचा. फरशीवाला म्हणाला, ढाळ खालच्या कोब्यातच असावा लागतो. कोबा करणारा म्हणाला, "कोब्यात ढाळ होता साहेब, तो फरशीने खाल्ला." एवढे बोलून सगळ्यांनी मिळून बिल्डरला दोष दिला. एक इंचाचा ढाळ चार माणसांच्या हातांखालून गेला होता आणि कोणाच्याच हाताला लागला नव्हता.

सुताराचा या भानगडीशी संबंध नव्हता. त्याने एकच सल्ला दिला होता : दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेऊ, म्हणजे दिव्याचे बटण हाताशी येईल. बटण हाताशी आलेही. फक्त आता दार उघडले की ते थेट बेसिनच्या भिंतीला चिकटून उभे राहते.

शेवटचा हप्ता घ्यायला फरशीवाला आला तेव्हा मी त्याला कोपऱ्यातले पाणी दाखवले. त्याने वाकून त्यात बोट बुडवले, बोट पाहिले आणि अगदी घरच्या माणसाच्या काळजीने म्हणाला, "साहेब, आपण एक चांगला वायपर घेऊ."

वायपर घेतला, अर्थातच मी. त्याची दांडी लांब असल्याने तो दाराआड मावत नाही आणि बाहेर पॅसेजमध्ये ठेवला की येणाराजाणारा अडखळतो. सुताराला विचारले. तो म्हणाला, बिजागऱ्या फिरवतोच आहोत, तर चौकट पण बदलून घेऊ.