घोडा आजारी पडला, तेव्हाच सांगा

ऑगस्ट २०२४मध्ये आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात एका घोड्याला ‘ट्रिपल ई’ झाल्याचं निष्पन्न झालं आणि गावानं सार्वजनिक मैदानं, बागा तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत बंद केल्या. कारण? एक घोडा.

ट्रिपल ई म्हणजे ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस. दलदलीतले डास आणि पक्षी यांच्यात हा विषाणू फिरत राहतो. घोडा आणि माणूस मध्येच सापडतात, त्यांच्यापासून तो पुढे जात नाही. पण मेंदूज्वर झालेल्या माणसांपैकी सुमारे ३० टक्के दगावतात. घोड्यांसाठी लस आहे, माणसांसाठी नाही. म्हणून राज्याचा आरोग्य विभाग उन्हाळाभर सापळ्यांतले डास तपासतो, आजारी घोड्यांची नोंद ठेवतो आणि कुठल्या गावाला किती धोका, याचा नकाशा सर्वांसमोर ठेवतो.

लोक चिडतातच. मुलांचे सामने रद्द झाले की पालक तावातावानं भांडतात. मला ते भांडण हवंसं वाटतं, कारण माहिती दोन्ही बाजूंच्या हातात असते.

पुण्याच्या नातेवाइकांशी बोलताना दर पावसाळ्यात वेगळाच वाद ऐकू येतो: महापालिका रुग्णांचे आकडे लपवते की माध्यमं घबराट पसरवतात? दोन्ही बाजू रुग्णांबद्दलच बोलतात. २०२२च्या अखेरीस पुण्यात एका लहान मुलाला जपानी मेंदूज्वर झाल्याचं कळलं आणि मग परिसरातले डास, डुकरं तपासायची धावपळ झाली. हा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो, हे आपल्याला कित्येक दशकं ठाऊक आहे. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तर पुण्यातच आहे!

इथलं सगळं तिकडे जसंच्या तसं चालणार नाही, हे मान्य. डेंग्यूचा डास दलदलीत नाही, गच्चीवरच्या पिंपात आणि कुंडीखालच्या ताटलीत वाढतो; तिथे दारोदार फिरून पाणी ओतायला लावणाऱ्या आशाताईंना पर्याय नाही. तशी माणसं इथे माझ्या दाराशी कधी आली नाहीत.

आणि प्राण्यांवरून सावध होणं आपल्याला नवं आहे का? गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापात, सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत, मेलेलं माकड दिसलं की कळवा असं गावकऱ्यांना सांगितलं जातंच. तीच पद्धत शहरात आणा. डुकराच्या रक्तात विषाणूचा माग लागला, तर त्याच आठवड्यात प्रभागाचं नाव जाहीर करा. घबराटीची सबब नको. आईबापांना मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे असतात, मच्छरदाणी लावायची असते, आणि ते सगळं पहिला रुग्ण सापडायच्या आत करायचं असतं.