कासव घेण्याआधी त्याचा पुढचा पालक ठरवा

परवा मंडळाच्या गणपतीत एका मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. लिंबाएवढं कासवाचं पिल्लू. "लेकाच्या वाढदिवसाला घेतेय गं. कुत्र्यासारखी कटकट नाही." दुसऱ्या दिवशी तिला घरी बोलावलं आणि अंगणातला आमचा बाळू दाखवला. वजन ४१ किलो.

पिल्लू आणि बाळू एकाच जातीचे, सुलकाटा. मूळचे सहाराच्या दक्षिण काठावरचे. गालापागोस आणि अल्दाब्राच्या कासवांखालोखाल जमिनीवरचं सगळ्यात मोठं कासव हेच. दुकानात हे कोणी सांगत नाही, याचा मला खरंच संताप येतो.

आम्ही अ‍ॅरिझोनात राहतो. कोरडी हवा, मोठं अंगण, म्हणून निभावतंय. तरी हिवाळ्यात रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन बाहेर जावं लागतं. सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे त्याच्या लाकडी खोलीत हीटर लागतो. एकदा तो कुंपणाच्या कोपऱ्यात अडकून बसला होता. कवचाला हात लावला तर पहाटेच्या फरशीसारखं गार. नवरा आणि मी दोघांनी ढकलत ढकलत त्याला आत नेला, आणि सकाळी त्याने मान बाहेर काढेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

खणणं तर विचारू नका. पुढच्या पायांवरचे जाड खवले म्हणजे फावडीच. गेल्या ऑगस्टमध्ये भिंतीच्या पायाखालून बीळ थेट शेजाऱ्यांच्या अंगणाकडे निघालं होतं, आणि पावसाचं पाणी त्यात भरलं. मग भिंतीलगत दोन फूट खोल सिमेंटचे ठोकळे पुरले.

खायला गवत आणि सुकं गवतच. वर थोडी निवडुंगाची पानं. जास्वंदीचं फूल दिसलं की मान लांबवून येतो, चोचीने कचकन तोडतो आणि पाकळीचा लाल रंग ओठांना लावून उभा राहतो. लोक मायेने फळं, पोळी, कुत्र्याचं खाणंसुद्धा घालतात. तसं करू नका हो, त्याचं पोट त्यासाठी नाहीच.

बाळूचं हे तिसरं घर. पहिले लोक फ्लॅटमध्ये गेले, दुसऱ्या आजोबांना तो उचलवेना. इथल्या निवारा केंद्रांत असे कितीतरी सुलकाटा घराची वाट बघतायत. काही जण त्यांना चक्क वाळवंटात सोडून येतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय त्यांचे आजार इथल्या देशी वाळवंटी कासवांना लागू शकतात. आणि तिकडे आफ्रिकेत हीच जात धोक्यात आलीय. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी मोठं झालेलं, टाकून दिलेलं कासव घ्यावं, पिल्लू विकत घेऊ नये, हे माझं ठाम मत.

पुण्याहून भाच्यानेही विचारलं होतं. त्याला सरळ नाही म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि चार महिने दमट हवा, कासवाची छातीच धरेल. शिवाय २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांची नोंदणीही करावी लागते.

सुलकाटा सत्तर वर्षं किंवा त्याहूनही जास्त जगू शकतो. बाळू १४ वर्षांचा आहे, मी ५२. गेल्या महिन्यात आम्ही मृत्युपत्र केलं, त्यात घरानंतरची दुसरी ओळ बाळूची. आधी लेकीला विचारलं. ती आठवडाभर गप्प होती, मग म्हणाली, "आई, मला त्याची खोली कशी तापवायची ते शिकव."

मैत्रिणीने पिल्लू घेतलं नाही. येत्या रविवारी लेकाला घेऊन बाळूचं गवत आणायला येतेय.